वरंध ते महाड : एका अलिखित इतिहासाची वाट

भोरहून वरंध घाट उतरून महाडकडे येणाऱ्या वाटेवर इतिहासाला तोटा नाही. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वरंध गावापासून शिवथरघळ फार दूर नाही. समर्थांनी तेथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पुढे महाडच्या परिसरात रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडितांना प्रश्न विचारले. लाडवली हे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे गाव. १९२७ ची परिषद महाडास भरावी म्हणून ज्यांनी अपार खटपट केली, त्यांत मोरे आघाडीवर होते. आणि खुद्द महाडात चवदार तळे. परंतु याच टापूत स्त्रीच्या नावाने ओळखले जाणारे स्थळ आठवू लागलो, तर पाचाडच्या जिजाऊंच्या समाधीपुढे आपली स्मरणशक्ती फारशी जात नाही. येथे कर्तबगार स्त्रिया झाल्याच नाहीत, असा याचा अर्थ कोणी करू नये. लेखणी कोणाच्या हाती होती, एवढाच तो प्रश्न आहे.

महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. डिसेंबरात दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मनाईहुकूम असल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह मात्र स्थगित ठेवावा लागला. इतके सर्वांना पाठ असते. त्याच परिषदेत, २७ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आलीच तर एका वाक्यात येते. वस्तुतः त्या भाषणानंतर जे घडले ते एका वाक्यात संपणारे नव्हते.

बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, मुलींना शाळेत घाला, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका आणि ज्या लुगड्याच्या नेसणीवरून व दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती नेसण व ते दागिने टाकून द्या. नेसणीचा हा मुद्दा आजच्या वाचकाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ का नव्हता, हे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकावरून कळते. वरच्या जातीच्या स्त्रीच्या लुगड्याचा काठ दिसावा आणि महार स्त्रीने तो निऱ्यांत दडवावा, अशी रूढी होती. म्हणजे जे वस्त्र अंग झाकण्यासाठी, त्यावरच जातीचा शिक्का मारलेला. महाडात हा शिक्का स्त्रियांनी लगेच पुसला. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी घोट्यापर्यंत आली. चित्रे आणि टिपणीस या कायस्थ घरांतील स्त्रियांनी नेसण दाखविण्यास मदत केली, अशी नोंद आहे.

यातील एक गोष्ट मला विशेष वाटते. तळ्याच्या पाण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो मार्च १९३७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी. लुगड्याचा निकाल स्त्रियांनी तिथल्या तिथे लावला. नवे वस्त्र विकत घ्यावे लागले नाही, कोणाची परवानगी लागली नाही. लागली ती हिंमत, कारण ते लुगडे नेसून पुन्हा आपापल्या गावी, त्याच पाणवठ्यावर आणि त्याच पाटलाच्या ओटीसमोरून जावयाचे होते. हातातील जुन्या वस्तूला नवा अर्थ देणे यालाच आपण कलावंताच्या बाबतीत सर्जनशीलता म्हणतो. तीच गोष्ट शेकडो जणींच्या देखत, इतरांनी अनुकरण करावे अशा रीतीने करणे, हे नेतृत्व होय. मग या स्त्रियांची नावे कोठे आहेत?

हा प्रश्न पडला तो दोघींना, आणि त्यांतील एक याच कोकणच्या. ऊर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील शिक्षक होते, पण ते लवकर गेले. आई बांबूच्या कामट्यांची सुपे, टोपल्या, रोवळ्या विणून विकी आणि त्यावर घर चाले. कोकणात या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. पुढे ऊर्मिलाताईंनी आत्मकथनाला तेच नाव दिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयदान’मध्ये त्यांनी आईची वीण आणि आपले लेखन यांचे नाते सांगितले आहे. दोन्हींत धागा दुःखाचाच, हे त्यांचे म्हणणे वाचकाच्या मनात घर करून राहते. मला तर असेही वाटते की, टोपली विणणारी ती माउली ही लेखिकेची पहिली गुरू होती. कामटी किती लवविली असता मोडत नाही, हे तिला ठाऊक होते.

ऊर्मिलाताईंनी सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केली. कारकुनी पेशातील वाचकांना त्या दिनक्रमाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. लग्नानंतर मुले, नोकरी व घर सांभाळून त्या मराठी घेऊन एम. ए. झाल्या, कथा लिहू लागल्या, सभांना जाऊ लागल्या. १९८८ मध्ये ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह आला. पत्नीचे पुढे जाणे पतीला कसे जड जाऊ लागले, हे त्यांनी ‘आयदान’मध्ये लपविलेले नाही. चळवळीत समतेचे भाषण करणारा पुरुष घरी परतल्यावर पानावर बसून वाढण्याची वाट पाहतो, ही तक्रार काही एका घराची नव्हे. ती जाहीरपणे लिहिल्याबद्दल आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागतो.

मात्र माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम ‘आयदान’ नव्हे. मीनाक्षी मून यांच्यासमवेत त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले आणि ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा शोध होता. दोघींनी ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांसारख्या पत्रांचे जुने अंक पाहिले आणि हयात असलेल्या वृद्ध कार्यकर्त्यांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. कागदपत्र नाहीत म्हणून इतिहास नाही, असे जेथे पंडित म्हणाले असते, तेथे या दोघींनी माणसालाच कागदपत्र मानले. त्यामुळे १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे यांच्यासारखी नावे पुन्हा आपल्यासमोर आली. संततिनियमनाचा विषय त्यांनी त्या काळी व्यासपीठावरून मांडला होता. सभा गाजविणे हे जसे नेतृत्व, तसेच विसरलेल्या सभा पुन्हा ऐकू येतील असे करणे हेही नेतृत्वच.

बेबीताईंचे उदाहरण मघाशी आले. घाटापलीकडे फलटणला त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. माल बांधावयास येणाऱ्या रद्दी वर्तमानपत्रांवर त्यांचे वाचन पोसले गेले. घरच्यांच्या भीतीने त्यांनी लिहिलेली पाने वर्षानुवर्षे लपवून ठेवली. १९८६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांत ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च अधिक होते. पुढे त्यांनी निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा चालविली. अशा बाईला आपण ‘धडाडीची’ म्हणून मोकळे होतो. हे विशेषण मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. ते तिच्या धावपळीचे कौतुक करते, तिच्या बुद्धीची दखल घेत नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, मार्च २०२७ मध्ये महाडच्या पहिल्या परिषदेला शंभर वर्षे पूर्ण होतात. समारंभ, भाषणे, स्मरणिका हे सर्व ओघाने आलेच. परंतु १९२७ मध्ये जाणत्या वयाच्या असलेल्या स्त्रिया आता हयात नाहीत. त्यांचे बोलणे ऐकलेल्या मुली ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. वरंध, बिरवाडी, पोलादपूर या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर अशी एखादी आजी असेल, तर तिला विचारावयास फार वर्षे उरलेली नाहीत.

हे काम विद्यापीठानेच करावे असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी घाटावरच्या मावळ-मुळशीकडील खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही मिळाल्या. ज्या बायकांना ‘निरक्षर’ या सदरात टाकले होते त्याच या ओव्यांच्या कवयित्री. मुलाखती घेण्यास व ओव्या टिपण्यास गावातीलच स्त्रीपुरुष कार्यकर्ते पुढे आले. घाटाखाली हे का होऊ नये? महाड तालुक्यातील माध्यमिक शाळांतील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एका सुटीत दोन प्रश्न देता येतील. तुझी आजी आणि तिची आई लुगडे कसे नेसत, आणि ती नेसण कधी व कोणी बदलली? गावच्या पाणवठ्यावर कोण कोठे उभे राही?

ग्रामपंचायतीच्या सभावृत्तांताबाबतही हीच दृष्टी ठेवावी. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होऊन दशकाहून अधिक काळ लोटला. सरपंचबाईंची सही वहीत असते. पाण्याची टाकी कोठे बांधावी, ही सूचना मुळात कोणाच्या डोक्यातून निघाली, हे वहीत नसते. ते ग्रामसेवकाने त्याच दिवशी लिहून ठेवले, तर आणखी पन्नास वर्षांनी कोणा ऊर्मिलाताईंना दारोदार फिरावे लागणार नाही.

आजीकडे वही घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी एक व्यावहारिक सूचना अवश्य द्यावी. प्रश्न आजीला विचारला की पुष्कळदा उत्तर ओटीवर बसलेल्या आजोबांकडून येते. तेही लिहून घ्यावे, पण वेगळ्या पानावर.