पानसरे: लेखक म्हणूनही वाचायला हवेत

कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे म्हटलं की मोर्चे, कामगारांचे खटले आणि फेब्रुवारी २०१५ मधली त्यांची हत्या आठवते. पण मराठीत सामान्य वाचकासाठी वैचारिक पुस्तक कसं लिहावं, हे शिकायचं तर त्यांच्याकडेच जावं लागतं. १९३३ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या कोल्हारला गरीब घरात जन्म, शिक्षणासाठी कोल्हापूर, पोटासाठी वर्तमानपत्रं विकणं, शिपायाची नोकरी, पुढे वकिली. १९८८ साली आलेली 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका मुळात एक भाषण. म्हणूनच तिची वाक्यं छोटी आहेत, प्रश्न समोरच्या माणसाला विचारल्यासारखे आहेत. आकार लहान, किंमत खिशाला परवडणारी. लाखाहून अधिक प्रती खपल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले.

यावर आक्षेप असा, की यात नवं संशोधन नाही आणि लेखकाची डावी भूमिका लपत नाही. दोन्ही खरं आहे. पण नवी कागदपत्रं शोधल्याचा दावा पानसरे करतच नाहीत. वतनदारांना घातलेला लगाम, रयतेच्या पिकाला धक्का न लावण्याची सैन्याला ताकीद, दौलतखान-सिद्दी हिलाल यांसारखे मुसलमान सरदार, ही माहिती इतिहासकारांकडे होतीच. ती कारखान्याच्या गेटपर्यंत पोचली नव्हती. भूमिकेचं म्हणाल तर ती उघडपणे मांडलेली असल्यामुळे वाचक तिच्याशी वादही घालू शकतो. तटस्थपणाचा आव आणणाऱ्या कितीतरी जाडजूड चरित्रांत ही सोय नसते.