न्यायाचा दुसरा पाय

बॉम्बस्फोटातील आरोपीचे वकीलपत्र घेण्यास २००६ मध्ये वाराणसीच्या वकिलांनी नकार दिला. वकील संघटनांचे असे सामूहिक नकार बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. मात्र नकार देणाऱ्यांना जाब कोणी विचारायचा, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेला अद्याप सापडलेले नाही.

वाराणसीच्या कचहरी परिसरात न्यायाधीशांच्या दालनाआधी वकिलांचे जग लागते. छपराखाली मांडलेल्या चौक्या, मुद्रांक विक्रेते, टंकलेखक आणि चहाच्या टपऱ्या. तारीख पुढे ढकलली गेली की पक्षकार गावाकडे वळतात आणि वकिलांची मैफल रंगते. ज्ञानवापीच्या दाव्यापासून रस्ता रुंदीकरणात गेलेल्या घरांपर्यंत कोणताही विषय तेथे वर्ज्य नसतो. वाद घालणे हा बनारसचा दिनक्रम आहे. अशा या शहरात एका खटल्यात मात्र दुसरी बाजू मांडायला कोणी पुढे आले नाही.

७ मार्च २००६ रोजी मंगळवार होता. संकटमोचन हनुमान मंदिरात आणि कॅन्टोन्मेंट रेल्वे स्थानकावर स्फोट झाले. सुमारे वीस जणांचे प्राण गेले, शंभरहून अधिक जखमी झाले. त्या रात्री शहराने दाखवलेला संयम आजही आठवला जातो. मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी आरती खंडित होऊ दिली नाही आणि शांततेचे आवाहन केले. काशी पेटली नाही. महिन्याभरात वलीउल्लाह या आरोपीला अटक झाली तेव्हा मात्र स्थानिक वकिलांनी त्याची बाजू मांडण्यास नकार दिला. परिणामी अलाहाबाद उच्च न्यायालयाने खटला गाझियाबादला वर्ग केला. गुन्हा गंगाकाठी घडला. त्याची सुनावणी शेकडो किलोमीटर दूर, दिल्लीच्या वेशीवर झाली.

निकाल लागला तो जून २०२२ मध्ये. दोन प्रकरणांत आरोपी दोषी ठरला, तिसऱ्यात पुराव्याअभावी सुटला आणि त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. स्फोट आणि निकाल यांत सोळा वर्षे गेली. या विलंबाचे सारे खापर वकिलांवर फोडता येणार नाही. आपल्याकडे खटले रेंगाळायला कारणांची वाण नसते. परंतु आरोपीला वकील नाकारल्याने पीडितांना न्याय लवकर मिळतो, हा समज तरी या प्रकरणाने खोटा ठरवला.

वकिलांच्या भावना समजून घ्यायला हव्यात. २३ नोव्हेंबर २००७ रोजी लखनौ, फैजाबाद आणि वाराणसी येथील न्यायालयांच्या आवारातच स्फोट झाले. वाराणसीतील मृतांत वकीलही होते. ज्याच्या शेजारची चौकी एका दुपारी कायमची रिकामी झाली, त्याला राज्यघटनेचा अनुच्छेद २२ ऐकवणे सोपे नाही. तरीही व्यक्तीचा शोक आणि व्यवसायाचा ठराव या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या वकिलाने विशिष्ट कारणाने एखादे प्रकरण नाकारले, तर आरोपीला दुसरे दार ठोठावता येते. साऱ्या बारनेच नकार दिला, तर सारी दारे एकदम बंद होतात.

काशीच्या परंपरेत हे बसणारे नाही, आणि येथे मराठी वाचकाचाही संबंध येतो. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीळकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणातील हिंदू कायद्यासाठी तो प्रमाण मानला, भारतरत्न पां. वा. काणे यांनी त्याचे संपादन केले. धर्मशास्त्राने न्यायव्यवहाराचे चार पाय सांगितले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय. वादीचे म्हणणे हा पहिला पाय. प्रतिवादीचे उत्तर हा दुसरा. दुसरा पाय नसलेला व्यवहार निर्णयापर्यंत चालत जाऊ शकत नाही, हे काशीच्या पंडितांना ठाऊक होते.

ही परंपरा पुरती लोपलेली नाही. ज्ञानवापी प्रकरणात मशीद समितीची बाजू वाराणसीच्या न्यायालयात मांडणारे प्रमुख वकील होते अभयनाथ यादव. जुलै २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. देशभर तापलेल्या त्या वादात एक हिंदू वकील मशिदीच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच आवारात वावरत राहिला.

महाराष्ट्रानेही ही परीक्षा दिली आहे. २६/११ नंतर मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने कसाबचे वकीलपत्र न घेण्याचे ठरवले. न्यायालयाने मार्च २००९ मध्ये अंजली वाघमारे यांची नियुक्ती करताच त्यांच्या घरासमोर हिंसक निदर्शने झाली. तरीही विशेष न्यायालय मागे हटले नाही. पुढे अब्बास काझमी आणि त्यांच्यानंतर के. पी. पवार यांनी बचावाचे काम केले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन न्यायमित्र होते. चार वर्षांच्या आत खटला, अपील आणि दयेचा अर्ज हे सारे टप्पे पूर्ण होऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्या निकालाला जगात कोणी सूडाचा निकाल म्हणू शकले नाही, याचे श्रेय बचाव पक्षाच्या वकिलांनाही जाते.

गाझियाबादचा अनुभव तर अधिक अंतर्मुख करणारा आहे. जानेवारी २००७ मध्ये निठारी हत्याकांडातील आरोपींना तेथील न्यायालयाच्या आवारात मारहाण झाली आणि मारणाऱ्यांत वकीलही होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बहुतांश खटल्यांत आरोपींना निर्दोष ठरवले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्र कोली यालाही शेवटच्या प्रकरणात मुक्त केले. आवाराने दिलेला निकाल न्यायालयात टिकला नाही. खरे गुन्हेगार कोण, हे त्या मुलांच्या आईवडिलांना आजही कळलेले नाही.

६ डिसेंबर २०१० रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने असे ठराव रद्दबातल असल्याचे सांगितले. तो वाद कोईमतूरच्या वकिलांचा होता आणि त्यांनी वकील नाकारला होता तो पोलिसांना, हे विशेष. बहिष्काराचे हत्यार कधी कोणावर उलटेल, याचा नेम नसतो.

कायदा स्पष्ट असला, तरी जाब विचारणारा अस्पष्ट आहे. शिस्तभंगाचे अधिकार राज्य बार कौन्सिलकडे आहेत. कौन्सिलचे सदस्य वकिलांच्याच मतांवर निवडून येतात. मतदारांवर कारवाई करण्याचे धाडस तेथे कोणी करावे? २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ विधी साहाय्य बचाव वकील नेमण्याची योजना सुरू झाली. आरोपीला वकील मिळण्याची हमी त्यातून वाढेल. परंतु त्या वकिलालाही बसायचे आहे त्याच बारमध्ये, त्याच सहकाऱ्यांमध्ये. त्याला संरक्षण देणे ही जिल्हा न्यायाधीशांची, जिल्हाधिकाऱ्यांची आणि पोलीस अधीक्षकांची जबाबदारी ठरते, आणि उत्तरेत या पदांवर अनेक मराठी अधिकारी काम करतात.

संकटमोचनच्या आवारात त्या मंगळवारी आरती थांबली नाही, हे काशी अभिमानाने सांगते. कचहरीच्या आवारात पुढच्या वेळी आरोपीचे उत्तर थांबले नाही, हेही तितक्याच अभिमानाने सांगता यावे.