कंत्राटी मजुराला अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची?

इमारतीच्या परांचीवरून मजूर पडला की बांधकाम व्यावसायिक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार मजुराच्या निष्काळजीपणाकडे. कायद्याला ही टोलवाटोलवी मान्य नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातील तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही कायम आहे. आपल्या व्यवसायाचाच भाग असलेले काम कंत्राटाने दिले, तरी त्या कामावरील अपघाताची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. ती रक्कम त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. केवळ निष्काळजीपणामुळे मजुराचा हक्क बुडत नाही.

कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मृत्यू झाल्यास 50 टक्के रकमेला. वय 30 आणि वेतन 15,000 रुपये असल्यास गुणक 207.98, म्हणजे अपंगत्वाची भरपाई 18,71,820 रुपये होते.

अपघाताची सूचना मालकाला विनाविलंब लेखी द्यावी. दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. इस्पितळाची कागदपत्रे व वेतनाचा पुरावा जपून ठेवावा. राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्यांनी मात्र लाभ त्या योजनेतूनच मागावा. तोंडी आश्वासनावर विसंबून मुदत दवडणे जखमी कामगाराला परवडणारे नाही.