ट्रॅक्टर इंजिनातील काजळी : स्वच्छताकारक द्रावणांचा उपयोग व मर्यादा

ऐन पेरणीत ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागतो, नांगर ओढताना जोर कमी पडतो आणि डिझेलचा खर्च वाढतो. अशा वेळी इंधनाच्या टाकीत ओतावयाची स्वच्छताकारक द्रावणे बाजारात सहज मिळतात. त्यांचे कार्य व मर्यादा समजून घेतल्यास अनाठायी खर्च टळतो.

डिझेलचे ज्वलन अपुरे झाले की कार्बन काजळीच्या रूपाने मागे राहतो. इंजेक्टरचे तोंड, पिस्टनचा माथा, रिंगांच्या खाचा व झडपा यांवर तिचे थर साचतात. इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांवर थर बसल्यास डिझेलचा बारीक फवारा न होता मोठे थेंब पडतात. परिणामी ज्वलन अधिकच बिघडते व काजळी वाढत जाते.

द्रावणातील स्वच्छताकारक रेणूंचे एक टोक काजळीच्या कणास चिकटते, तर दुसरे इंधनात विरघळते. त्यामुळे थर हळूहळू सुटतो. मात्र, इंधनाचा जेथे स्पर्श होतो, तेथेच ही क्रिया घडते. अनेक पेट्रोल मोटारींत इंधन आत घेण्याच्या झडपेवरच फवारले जात असल्याने तीही स्वच्छ होते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात या झडपेतून केवळ हवा जाते. म्हणून तेथील काजळीवर टाकीतील द्रावणाचा उपयोग होत नाही. रिंगा घट्ट अडकल्या असल्यास इंजिन उघडूनच साफसफाई करावी लागते.

म्हणून प्रथम काजळीचे कारण शोधावे. चोंदलेला एअर क्लीनर, झिजलेला नॉझल, भेसळयुक्त डिझेल, क्षमतेपेक्षा अधिक भार आणि इंजिन दीर्घकाळ रिकामे चालू ठेवणे, ही प्रमुख कारणे होत. निळसर धूर दिसल्यास इंजिन ऑइल जळत असल्याचे समजावे. त्यावर हे द्रावण उपाय नव्हे.

एअर क्लीनर व इंधन फिल्टर यांची निगा राखूनही काळा धूर कायम राहिल्यास इंजेक्टरचा दाब व फवारा कार्यशाळेत तपासून घ्यावा. द्रावण वापरायचे झाल्यास ते डिझेल इंजिनासाठीच असावे आणि वेष्टनावरील प्रमाण ओलांडू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कठोर उत्सर्जन मानके लागू आहेत. अशा ट्रॅक्टरांत उत्पादकाच्या पुस्तिकेत मान्य केलेलेच द्रावण वापरावे. हंगामापूर्वी केलेली ही तपासणी पेरणीचे मोलाचे दिवस वाचवते.