पोराला आळंदीला पाठवताना



भाताची झोडणी उरकली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत सप्ताह बसायला लागतात. सात दिवस हरिपाठ, कीर्तन, पंगती आणि शेवटी काला. कीर्तनकार बुवांच्या मागे टाळ घेऊन उभी राहिलेली बारा-तेरा वर्षांची पोरं आपण बघतो. पांढरं धोतर, कपाळाला गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ आणि अभंग तोंडपाठ. मग पंगत उठल्यावर भांडी घासता घासता कुणीतरी म्हणतंच, "माझ्या पोराला पण आळंदीला ठेवू का गं? चार चांगल्या गोष्टी शिकेल."

विचार चांगलाच आहे. पण तिथे मुलं राहतात कशी, जेवतात काय, त्यांना सांभाळतं कोण, हे पाठवण्याआधी आपल्याला माहीत हवं. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी थोडं जुनं सांगते. आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू झाली ती १९१७ साली. ती काढली विष्णुबुवा जोग यांनी. ते मूळचे पुण्याचे. आपण त्यांना जोग महाराज म्हणतो. कीर्तन करणाऱ्याला नुसता गोड गळा असून चालणार नाही, तो सांगतो त्या अभंगाचा अर्थ त्याला कळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून चार वर्षांचा अभ्यास ठरला. गीतेचे ७०० श्लोक, ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, तुकोबांची गाथा. त्याच्या जोडीला गाणं, मृदंग आणि कीर्तनाला उभं राहायचा सराव. संस्था सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, १९२० साली, जोग महाराज गेले. पण काम थांबलं नाही. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर, म्हणजे मामासाहेब दांडेकर, हे केळवे-माहीमचे. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे, पण तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. मामा पुण्यात कॉलेजचे प्राचार्य झाले, तरी आळंदीशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं.

आता प्रश्न असा की गरीब घरातली मुलं चार-चार वर्षं तिथे राहायची, तर त्यांच्या पोटाचं काय? त्याचं उत्तर म्हणजे माधुकरी. मधुकर म्हणजे भुंगा. भुंगा एकाच फुलाला ओरबाडत नाही, प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेतो. तसं विद्यार्थ्यानं झोळी घेऊन चार-पाच घरांपुढे उभं राहायचं. एका घरी अर्धी भाकरी, दुसऱ्या घरी भाजी, तिसऱ्या घरी भात. मिळेल ते आणायचं आणि सगळ्यांनी बसून खायचं. यात कुणा एका घरावर भार पडत नाही. मी शिकलेला म्हणून मोठा, असा ताठाही पोराच्या अंगात राहत नाही. आजही आळंदीच्या गल्ल्यांत झोळी घेतलेली मुलं दिसतात.

आता बायांनो, जरा विचार करा. त्या झोळीत भाकरी कोण घालत होतं? आळंदीच्या बायाच ना! घरातल्या पिठात दोन भाकऱ्यांचं पीठ जास्त मळून त्या दारात येत होत्या. इतक्या कीर्तनकारांची शिकवणी झाली ती त्यांच्या चुलीवर. त्या बायांची नावं कुठल्या फलकावर लिहिलेली नाहीत. आणि या भाकरीचा आणखी एक उपयोग होता. रोज दारात येणारा पोर आज आला नाही, तर बाई विचारायची, "काय रे, तो बारका आज दिसला नाही? बरं आहे ना त्याला?" म्हणजे मुलाच्या पोटाबरोबर त्याच्यावर लक्षही राहायचं. गाव त्याला ओळखत होतं.

आज आळंदीचं रूप पालटलंय. जोग महाराजांची संस्था आहेच, पण तिच्याशिवाय कितीतरी खासगी संस्था गल्लोगल्ली निघाल्या आहेत. कुणी महाराज एक इमारत भाड्यानं घेतात, मुलं ठेवतात, पालकांकडून वर्षाचे पैसे घेतात. मुलं सकाळी तिथल्या शाळेत जातात आणि संध्याकाळी हरिपाठ, पाठांतर करतात. यातल्या कितीतरी ठिकाणी मुलांना जीव लावतात. पण काही ठिकाणी मुलांना मारहाण झाल्याच्या, लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. त्यानंतर राज्य महिला आयोगानंही या संस्थांच्या तपासणीचा विषय हाती घेतला. मुलं जिथे चार भिंतींच्या आत जेवतात आणि झोपतात, तिथे "तो बारका दिसला नाही" असं विचारणारी बाई राहत नाही. ते विचारणं आता आपल्यालाच करायला हवं. माळ घातलेल्या माणसाला प्रश्न विचारला म्हणजे देवाचा अपमान होत नाही.

तर काय काय विचारायचं?

पहिलं, कागद. मुलं ठेवून घ्यायची परवानगी कुणाची आहे? ट्रस्टची नोंदणी दाखवतील. पण ट्रस्टची नोंदणी म्हणजे मुलं ठेवायची परवानगी नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथे ठेवतात, त्या संस्थेला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं वेगळी नोंदणी लागते. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात त्याची चौकशी करता येते.

दुसरं, शाळा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. तो कुठल्या शाळेत जाणार, तिचं नाव विचारा. आपल्या शाळेतून दाखला काढला की तो तिथे जमा झाला का, तेही बघा. नाहीतर पोर इथल्या पटावर नाही आणि तिथल्याही नाही.

तिसरं, रात्र. एका खोलीत किती मुलं झोपतात? लहान मुलं मोठ्यांबरोबर झोपतात का? रात्री कोण लक्ष ठेवतं? संडास-मोरी किती? आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात नेतात? हे नुसतं ऐकू नका, खोली स्वतः जाऊन बघा.

चौथं, बोलणं. आठवड्यातून एकदा तरी मुलाचा फोन यायला हवा, आणि बाजूला कुणी उभं नसताना. न कळवता भेटायला गेलं तर चालेल का, हेही विचारा. "कळवल्याशिवाय यायचं नाही" असं उत्तर आलं, तर तिथून पोराला घेऊन सरळ घरी या.

मुलगी पाठवणार असाल तर हे सगळं दुप्पट विचारा. मुक्ताबाई, जनाबाईंच्या परंपरेत मुलींनी कीर्तन शिकावं यासारखी आनंदाची गोष्ट नाही. आळंदीत मुलींसाठीही संस्था आहेत. पण तिथे रात्री राहणारी, जबाबदार बाई असलीच पाहिजे.

पोर सुट्टीत घरी आलं आणि गप्प गप्प राहायला लागलं, परत जायचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणालं, अंथरूण ओलं करायला लागलं, तर त्याला रागावू नका. जवळ घ्या, सावकाश विचारा आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "गावात नाव जाईल" म्हणून ते दाबायचं नाही. गावातल्या बाल संरक्षण समितीत अंगणवाडी ताई असते, तिलाही सांगता येतं.

आता हे सगळं एकट्या आईला झेपणार नाही. मुरबाडहून माळशेज चढून, आळेफाटा, नारायणगाव करत आळंदी गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. म्हणून गटानं एक करावं. आपल्या गावातून किती मुलं बाहेर शिकायला आहेत, आळंदीला असोत की आश्रमशाळेत, त्यांची यादी गटाच्या वहीत लिहावी. दर दोन महिन्यांनी दोघीजणींनी जावं आणि सगळ्यांच्याच पोरांना भेटून यावं. भाडं गटानं वाटून घ्यावं. कार्तिकात आळंदीला दिंडी जातेच, तेव्हा माउलींच्या समाधीचं दर्शन झालं की मुलांच्या खोल्याही बघून याव्यात. जाताना नागलीच्या चार भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाऐवजी लसणीची चटणी न्या हं, माळकरी पोरं आहेत ती!

पुढच्या बैठकीत ही यादी करायला घ्या. कुणाचं पोर कुठे आहे, एवढं जरी सगळ्यांना कळलं तरी सुरुवात झाली. येते मी. राम कृष्ण हरी.