ध्रुवीय मेघांचा अभ्यास आणि लघु लेसर उपकरणे

ध्रुवीय प्रदेशातील हवामानाचा विचार करताना आकाशात मेघ किती आहेत, एवढेच जाणून भागत नाही. ते पाण्याचे आहेत की हिमाचे, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३० अंश सेल्सिअस तापमानालाही न गोठता राहू शकतात. अशा अतिशीतित थेंबांचा पातळ थरही हिमभूमीतून निघणारी उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवतो. तेवढ्याच पाण्याचे हिमस्फटिक झाले असता हा परिणाम बराच क्षीण होतो.

हा भेद उपग्रहावरील कॅमेऱ्यांना सहज ओळखता येत नाही. खाली शुभ्र हिम, वर शुभ्र मेघ, दोहोंचे तापमानही पुष्कळदा सारखेच. शिवाय ध्रुवीय रात्रीत सूर्यप्रकाशाचा अभाव. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने अवकाशातून लेसरच्या साहाय्याने मेघांचे निरीक्षण केले. परंतु ८२ अक्षांशांपलीकडील प्रदेश त्याच्या मार्गाबाहेर होता आणि एका स्थळावरून तो क्षणभरच जात असे. अखंड नोंदीसाठी भूमीवरील उपकरण आवश्यक ठरते.

लिडार हे असे उपकरण होय. ते आकाशात लेसरचे अल्पकालीन स्पंद सोडते. ३ किलोमीटर उंचीवरील मेघावरून परतण्यास प्रकाशाला सुमारे २० मायक्रोसेकंद लागतात. या कालावधीवरून मेघाची उंची कळते. गोल थेंबांवरून परतताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा बहुतांशी कायम राहते. कोनयुक्त हिमस्फटिकांमुळे ती बदलते. पाणी व हिम यांतील भेद यावरून ओळखला जातो.

पूर्वीची लिडार यंत्रे अवजड होती व त्यांचा झोत डोळ्यांना घातक ठरू शके. १९९० च्या दशकारंभी नासाच्या गोडार्ड केंद्रातील जेम्स स्पिनहर्न यांनी मायक्रोपल्स लिडार विकसित केले. त्याच्या प्रत्येक स्पंदाची ऊर्जा काही मायक्रोज्यूल इतकीच असते. मात्र सेकंदाला सुमारे २५०० स्पंद सोडून ती उणीव भरून काढली जाते. त्यामुळे हे यंत्र माणसाच्या सततच्या देखरेखीविना दिवसरात्र चालू शकते.

ग्रीनलंडच्या हिमस्तरावर सुमारे ३२०० मीटर उंचीवरील समिट केंद्रात २०१० पासून असे लिडार अन्य उपकरणांसह कार्यान्वित झाले. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या जवळजवळ संपूर्ण हिमपृष्ठावर वितळण झाली. राल्फ बेनार्ट्झ व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, त्या वेळच्या उबदार हवेच्या जोडीला पातळ द्रवमेघ होते. त्यांतील पाणी दर चौरस मीटरमागे १० ते ४० ग्रॅम असले की सूर्यप्रकाश खाली पोहोचतो आणि उष्णताही अडते. मेघ याहून दाट वा विरळ असते, तर समिट येथे तापमान वितळणबिंदूपर्यंत पोहोचले नसते.

लिडारलाही मर्यादा आहेत. दाट द्रवमेघात झोत क्षीण होतो व वरचे थर दिसत नाहीत. त्यामुळे रडार व सूक्ष्मतरंग मापकाची जोड द्यावी लागते. तथापि, हिमस्तराच्या वितळणीचा अंदाज ज्या पातळ मेघांवर अवलंबून आहे, त्यांची अखंड नोंद या लघु उपकरणांमुळेच शक्य झाली, हे त्यांचे खरे महत्त्व होय.