पाताळयंत्री माणसाला इंग्रजीत काय म्हणाल?

मराठीत एखाद्याला ‘पाताळयंत्री’ म्हटलं, की पुढं फार सांगावं लागत नाही. वर संथ पाणी आणि तळाशी भलतंच काही चाललेलं, असा माणूस ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उभा राहतो. ‘आतल्या गाठीचा’ म्हटलं, तर तो जरा निराळा. ‘कळलाव्या’ आणखी निराळा. तो दोघांत भांडण लावून देतो आणि लांब उभा राहून गंमत बघतो. ‘केसानं गळा कापणारा’ म्हटलं, की आधी विश्वास होता हे आपोआप कळतं. आणि ‘कावेबाज’? कावा हा शब्द घोड्यांच्या पागेतून आला. घोड्याला रिंगणात गोल गोल फिरवणं म्हणजे कावा. कावेबाज माणूस समोरच्याला असाच फिरवतो आणि फिरणाऱ्याला वाटतं, आपण पुढं चाललो आहोत.

या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. कारण उघड आहे. आपली घरं मराठी बोलतात. पण नोकरीतला अर्ज, वकिलाला पाठवायचा मजकूर, परदेशातल्या मुलीनं तिथल्या समुपदेशकाला सांगायची हकिगत, हे सगळं इंग्रजीत करावं लागतं. मारहाण झाली तर सांगणं सोपं असतं. पण जो हात उगारत नाही, आवाज चढवत नाही, तरी दुसऱ्याचं मन पिळून काढतो आणि हे जाणूनबुजून करतो, त्याला काय म्हणायचं? त्या शब्दात दोन गोष्टी हव्यात. एक त्याची चलाखी आणि दुसरी त्याची क्रूरता. इंग्रजीत शोधायला निघालं, तर बहुतेक शब्दांत एक सापडते आणि दुसरी निसटते.

पहिला शब्द आठवतो ‘मॅनिप्युलेटर’. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘मॅनिप्युलस’ म्हणजे मूठभर किंवा पेंढी. रोमन सैन्यातल्या एका तुकडीलाही हेच नाव होतं. अठराव्या शतकात मॅनिप्युलेशन हा शब्द इंग्रजीत आला, तो धातूची माती किंवा रसायनं कौशल्यानं हाताळण्यासाठी. माणसं हाताळण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. मराठीत आपण ‘मुठीत ठेवणं’ म्हणतो, तेव्हा आपल्याही मनात हाताचंच चित्र असतं. पण या शब्दात क्रूरता नाही. आजही आखडलेला सांधा हातानं मोकळा करण्याच्या उपचाराला मॅनिप्युलेशनच म्हणतात. चॉकलेटसाठी आईला गुंडाळणारं पोरही मॅनिप्युलेटिव्हच असतं. शब्द खोटा नाही, पण फार पातळ आहे.

मग लोक ‘मॅकियाव्हेलियन’कडे वळतात. निकोलो मॅकियाव्हेली हा फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी. १५१३ मध्ये त्यानं ‘प्रिन्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं १५३२ मध्ये, तो वारल्यानंतर पाच वर्षांनी. सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी, याचा तो रोखठोक हिशेब आहे. त्याच शतकात त्याचं नाव इंग्रजीत कपटी माणसासाठी रूढ झालं. १९७० मध्ये रिचर्ड ख्रिस्ती आणि फ्लॉरेन्स गाइस या मानसशास्त्रज्ञांनी या वृत्तीवर ग्रंथच लिहिला आणि ती मोजण्याची प्रश्नावली पुढं आणली. तरीही या शब्दात एक छुपं कौतुक आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रं एखाद्या पुढाऱ्याला ‘राजकारणातला चाणक्य’ म्हणतात, तेव्हा ती शिवी नसते, शाबासकी असते. मॅकियाव्हेलियनचंही तसंच होतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच डोक्यावर आपण पगडी ठेवतो.

नाटकवाल्यांना आठवतो आयागो. शेक्सपिअरनं १६०३-०४ च्या सुमारास ‘ऑथेल्लो’ लिहिलं. आपल्या रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं ‘झुंझारराव’ केलं. आयागोची रीत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. तो थेट आरोप फारसा करत नाही. अर्धं वाक्य बोलून थांबतो. काही नाही, सहज विचारलं, असं दाखवतो. मोठ्या मिनतवारीनं सांगतो, की मी मुळीच सांगणार नव्हतो. ऑथेल्लो व्हेनिसमध्ये परका आहे, वेगळ्या रंगाचा आहे. ही त्याची दुखरी जागा आयागोला ठाऊक असते आणि तिथंच तो बोट ठेवतो. शेवटी एका रुमालावर एका निष्पाप बाईचा जीव जातो. आणि नाटकभर सगळे आयागोला ‘प्रामाणिक’ म्हणत राहतात! चलाखी आणि क्रूरता दोन्ही या नावात आहेत. पण नाटक न वाचलेल्याला त्यातलं काहीच कळत नाही. शकुनीमामा म्हणजे काय, हे महाभारत न ऐकलेल्याला कुठं कळणार?

आणखी एक नाव इंग्रजी बोलण्यात सर्रास येतं : ‘स्वेंगाली’. जॉर्ज ड्यू मॉरिए या लेखकाच्या ‘ट्रिल्बी’ या १८९४ च्या कादंबरीतला हा संगीतकार. सुराचा गंध नसलेल्या एका तरुणीला तो संमोहित करतो आणि तिच्या गळ्यातून गाणं काढतो. दुसऱ्याच्या इच्छाशक्तीवर कब्जा करणारा, असा अर्थ त्यातून आला. पण स्वेंगाली ज्यू आहे आणि लेखकानं त्याला रंगवताना त्या काळच्या युरोपातला ज्यूंबद्दलचा सगळा तिटकारा त्यात ओतला आहे. म्हणून हा शब्द मला वापरवत नाही. एका माणसाच्या दुष्टपणाचं बिल एका अख्ख्या समाजाच्या नावे फाडणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

उरले डॉक्टरी वळणाचे शब्द : सॅडिस्ट, नार्सिसिस्ट, सायकोपॅथ. सॅडिस्ट हा शब्द फ्रान्सच्या मार्की द सादच्या नावावरून आला. दुसऱ्याच्या वेदनेत सुख मानणारा, एवढं तो सांगतो. पण त्यात क्रूरता आली, तरी चलाखी येईलच असं नाही. नार्सिसिस्ट स्वतःच्या प्रतिबिंबात बुडालेला, आणि सायकोपॅथ काळजाला पाझर नसलेला. २००२ मध्ये पॉलहस आणि विल्यम्स या कॅनडातल्या संशोधकांनी स्वतःवरचं प्रेम, मॅकियाव्हेलीपणा आणि सायकोपॅथी अशा तीन वृत्तींना ‘डार्क ट्रायड’, म्हणजे काळी त्रयी, असं एकत्र नाव दिलं. त्या एकमेकींत मिसळतात, पण एकच नाहीत, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. अर्जात कुणी ‘माझा वरिष्ठ सायकोपॅथ आहे’ असं लिहिलं, तर समोरचा पहिला प्रश्न विचारेल, तुम्ही डॉक्टर आहात का?

आता त्या शब्दाकडे येऊ, जो गेल्या काही वर्षांत सगळ्यांच्या तोंडी बसला : ‘गॅसलाइटिंग’. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशानं २०२२ चा शब्द म्हणून तो निवडला. त्याचं मूळ पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकात आहे. १९४४ मध्ये जॉर्ज क्यूकर यांनी त्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपट केला आणि त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. गोष्ट जुन्या लंडनमधली, घराघरांत गॅसचे दिवे असतानाची. नवरा लपवलेले जडजवाहीर शोधायला रोज रात्री गुपचूप माळ्यावर जातो. तिथं दिवा लावला, की नळीतला गॅसचा दाब वाटला जातो आणि खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंदावतो. तिला ते दिसतं, वर पावलंही ऐकू येतात. पण तो तिला पटवत राहतो, की तू वस्तू हरवतेस, तू विसरतेस, तुला भास होतात. हळूहळू तीही स्वतःला वेडी समजू लागते.

मराठीत याच्या जवळचा वाक्प्रचार आहे, ‘वेड्यात काढणं’. फरक एवढाच, की आपण ज्याला वेड्यात काढतो, त्याला सहसा ते कळतं आणि रागही येतो. इथं वेड्यात निघालेलं माणूस स्वतःच मान डोलावतं. आमच्या दखनीत एक अरबी शब्द आहे, ‘वसवसा’. मनात कुणीतरी हळूच कुजबुजून पेरलेला संशय. उच्चारून बघा, शब्दच कुजबुजतो.

गॅसलाइटिंग हा शब्द बाकीच्यांहून वेगळा का? बाकीचे शब्द माणसाला नाव ठेवतात. हा शब्द कृतीला नाव देतो. अर्थात, आता तोही घासून गुळगुळीत होतोय. नवऱ्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तरी ‘गॅसलाइटिंग’ म्हणणारे भेटतात. मतभेद म्हणजे गॅसलाइटिंग नव्हे, साधं खोटं बोलणंही नव्हे. समोरच्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, आठवणीवरचा विश्वास पुनःपुन्हा मोडणं, हा त्यातला मुद्दा.

माझी एक भाची खासगी कंपनीत नोकरी करते. तिचा वरिष्ठ बैठक अकराला आहे सांगायचा आणि चारचौघांत म्हणायचा, मी दहा म्हटलं होतं. तिच्या कामाचं तोंडावर कौतुक करायचा आणि वर हळूच पुस्ती जोडायचा, की बाकीचे तुझ्याबद्दल तक्रार करतात. तिनं मला विचारलं, “मामू, असल्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात? अर्जात एकच शब्द हवाय.” आम्ही दोघं शब्दकोश घेऊन बसलो. बरेच शब्द लिहिले आणि एकेक करून खोडले. प्रत्येक शब्दावर एकच उत्तर येऊ शकत होतं : हे तुमचं मत झालं. शेवटी तिनं चार प्रसंग लिहिले. तारीख, वेळ, तो काय म्हणाला, नंतर काय म्हणाला. विशेषण एकही नाही. ज्या बाईंनी तो अर्ज वाचला, त्यांनी पहिला प्रश्न केला, “त्या दिवशी तिथं आणखी कोण होतं?”

कायदाही याच वाटेनं जातो. आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा. तो २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपमान, टिंगल, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार धमक्या, अशी कृत्यांची नोंद त्यात आहे. छळणाऱ्याला मात्र कुठलंही टोपणनाव नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं घरातल्या जाचक नियंत्रणाला गुन्हा ठरवलं. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिथंही पाहिलं जातं, की ते वागणं पुनःपुन्हा घडलं का आणि त्याचा परिणाम काय झाला.

तेव्हा शब्द हवाच असेल, तर असा निवडावा. घरगुती बोलण्यात ‘मॅनिप्युलेटिव्ह’ पुरे, पण त्याच्याआधी ‘क्रुएली’ लावा; चलाखीला क्रूरतेची जोड त्यानं मिळते. कुणी तुमच्या आठवणीवरच हल्ला करत असेल, तर ‘गॅसलाइटिंग’. रोगांची नावं डॉक्टरांसाठी सोडा. आणि कागदावर लिहायचं असेल, तर आधी घडलेलं लिहा.

त्या चित्रपटात बायको सुटते, ती नवऱ्याला चपखल शिवी सापडल्यामुळं नव्हे. एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत येतो, दिवा मंदावताना स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि तसं बोलून दाखवतो. तेवढ्यानं तिला कळतं, की आपण वेड्या नाही. आपला दिवा मंदावलेला दुसऱ्या कुणाला दिसेल, एवढं स्पष्ट सांगता आलं, की निम्मं काम झालं. मग ते इंग्रजीत सांगा, नाहीतर मराठीत.